तितिक्षा आणि सायकलचा चिमटा

अद्वैत वेदान्ताने साधकासाठी शम, दम, उपरती, तितिक्षा, श्रद्धा आणि समाधान अशी सहा गुणांची संपत्ती सांगितली आहे. तिच्यातील तितिक्षा हा गुण समजायला सोपा वाटतो, पण आचरणात आणू गेल्यास तोच सर्वांत अधिक पेच निर्माण करतो. तितिक्षा म्हणजे थंडी-ऊन, सुख-दुःख, मान-अपमान अशा द्वंद्वांचे आघात सोसणे. परंतु परंपरेने शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तिची जी व्याख्या येते, तिच्यात या सोसण्याला दोन अटी घातलेल्या आहेत. दुःखावर उपाय न योजता ते सोसले पाहिजे ही पहिली, आणि सोसताना मनात चिंता व मुखात विलाप नसावा ही दुसरी. दुसरी अट कोणालाही पटेल. पहिली मात्र शब्दशः घेतली, तर पायात चप्पल घालणे, पावसात इरले पांघरणे, रात्री घोंगडी ओढून घेणे ही सारीच तितिक्षेची हार ठरते. मग जो मनुष्य आपण होऊन खडतर वाटेने निघाला आहे, त्याने वाटेचे किती आघात स्वतःच्या अंगावर घ्यावेत आणि किती साधनांवर सोपवावेत, हा प्रश्न उरतोच.

हा प्रश्न ग्रंथांत जितका जुना आहे तितकाच तो एका साध्या यंत्रभागाच्या निवडीत आजही जिवंत आहे. डांबरी सडक सोडून खडी, माती आणि दगडगोटे यांच्या वाटांनी, सामानासह, आठवडेच्या आठवडे सायकलने प्रवास करणारा मनुष्य सायकल घेतानाच एका निर्णयापाशी अडतो: पुढचे चाक धरणारा भाग, ज्याला सायकलच्या दुकानात चिमटा आणि इंग्रजी वळणाने फोर्क म्हणतात, तो ताठ असावा की सस्पेन्शनचा? ताठ, म्हणजे रिजिड, चिमटा पोलादाच्या किंवा कार्बनच्या दोन अखंड पायांचा असतो आणि त्यात हलणारे काहीही नसते. सस्पेन्शनच्या चिमट्यात प्रत्येक पाय दोन नळ्यांचा असतो, वरची नळी खालच्या नळीत सरकते आणि बहुधा एका पायात स्प्रिंग बसवलेली असते. ती कधी पोलादी वेटोळ्याची असते, तर कधी कोंडलेल्या हवेची. नळी जास्तीत जास्त जितकी सरकते त्या अंतराला ट्रॅव्हल म्हणतात, आणि लांबच्या प्रवासाच्या सायकलींत ते बहुधा 80 ते 120 मिलीमीटर असते. हा निर्णय वजनाचा, पैशाचा आणि हौसेचा आहे असे मानून तो लगेच उरकला जातो. त्याच्या पोटात तितिक्षेची पहिली अट दडलेली आहे, आणि म्हणून तो अधिक सावकाश पाहण्यासारखा आहे.

या निवडीचा इतिहास फार लांबचा नाही. 1970च्या दशकात कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावरून खाली पिटाळू लागले. तेथील एका उतारावर ब्रेक इतके तापत की हबमधले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे, म्हणून त्या उताराचे नावच ‘रीपॅक’ पडले. त्या सायकलींचे चिमटे ताठ होते. पॉल टर्नर या मोटारसायकलींच्या शर्यतींत काम केलेल्या माणसाने 1989 मध्ये रॉकशॉक्स ‘आरएस-1’ हा चिमटा बाजारात आणला. त्याचा ट्रॅव्हल सुमारे 50 मिलीमीटर, म्हणजे आजच्या मानाने अगदी तोकडा होता. त्याच्या पुढच्याच वर्षी कोलोरॅडोतील डुरँगो येथे माउंटन बायकिंगची पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, आणि तेव्हापासून ताठ चिमटा ही गृहीत धरलेली वस्तू न राहता निवडण्याची वस्तू झाली.

निवड नसते तेव्हाचे सोसणे कसे असते, याचे उदाहरण त्याच खंडात सापडते. 1897 मध्ये अमेरिकी सैन्याच्या 25 व्या पायदळ पलटणीतील 20 कृष्णवर्णीय सैनिक लेफ्टनंट जेम्स मॉस यांच्या हाताखाली मोंटाना राज्यातील मिझूला येथून सेंट लुइसपर्यंत, सुमारे 3,000 किलोमीटर, सामानाने लादलेल्या सायकलींवर गेले. या प्रवासाला त्यांना 41 दिवस लागले. सायकल युद्धात उपयोगी पडते का, हे सैन्याला पाहायचे होते, आणि वाहन कोणते व कसे असावे हे ठरवण्याचा अधिकार पेडल मारणाऱ्यांना नव्हता. त्यांचे कष्ट थोर होते. ते इतिहासाने पुष्कळ काळ विसरून टाकले, ही खेदाची गोष्ट आहे. तरीही त्या कष्टांना तितिक्षा म्हणता येईल का, हा प्रश्न वेगळा आहे, कारण तितिक्षा हा साधकाने स्वीकारलेला गुण आहे आणि स्वीकारण्यासाठी नाकारण्याची मोकळीक हाताशी असावी लागते. आजच्या प्रवाशाला ती मोकळीक आहे, म्हणूनच त्याच्यावर विचार करण्याची जबाबदारीही आहे.

सस्पेन्शन प्रत्यक्षात काय करते, हे नीट पाहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दगडावर चाक आदळले की स्प्रिंग दबते आणि आघाताची ऊर्जा साठवून घेते; दगड मागे पडताच ती साठवलेली ऊर्जा परत करते. नुसती स्प्रिंग असेल तर सायकल एका धक्क्यानंतर कितीतरी वेळ वरखाली उसळत राहील आणि दुसऱ्या धक्क्याला चाक जमिनीवर असेलच असे नाही. यासाठी चिमट्याच्या दुसऱ्या पायात डँपर असतो: बारीक छिद्रांतून तेल ढकलले जाते, त्याला विरोध होतो आणि गतीची उष्णता होऊन ती हवेत विरते. परतीच्या उसळीला लगाम घालणाऱ्या या योजनेला रिबाउंड डँपिंग म्हणतात, आणि चिमट्याच्या तळाशी असलेली एक लहानशी गुंडी फिरवून ती कमी-अधिक करता येते.

भारतीय दर्शनांपैकी वैशेषिकांनी या विषयाला आश्चर्य वाटावे इतका जवळून स्पर्श केला आहे. प्रशस्तपादांच्या ‘पदार्थधर्मसंग्रहा’त संस्कार नावाच्या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत. वेग, म्हणजे गतीत असलेल्या वस्तूचा पुढे जात राहण्याचा जोर. भावना, म्हणजे अनुभवाने आत्म्यात उमटलेला आणि पुढे स्मृतीला कारण होणारा ठसा. आणि स्थितिस्थापक, म्हणजे वाकवलेले धनुष्य किंवा ओढलेली फांदी सोडताच पूर्वस्थितीला आणणारा गुण. स्प्रिंगचे परत येणे आणि मनाचे आठवणे ही त्या प्राचीन विचारवंतांना एकाच जातीची वाटली, यात मोठी अंतर्दृष्टी आहे. दबलेले मनही परतते, आणि परतीचा धक्का पुष्कळदा मूळ धक्क्याहून अधिक हानी करतो. तितिक्षेच्या व्याख्येतील चिंता आणि विलाप यांचा निषेध म्हणजे या परतीच्या उसळीचा निषेध होय, असे मानले तर व्याख्येची दुसरी अट आपोआप उजळते: आघात आत येऊ द्यावा, पण त्याची उसळी मनभर फिरू देऊ नये. पतंजलींनी आसन सिद्ध झाल्याचे फळ सांगताना द्वंद्वांचा ‘अनभिघात’ हा शब्द योजला आहे. अभिघात म्हणजे दणका, आणि द्वंद्वे शिल्लक असूनही त्यांचा दणका न बसणे ही ती अवस्था. गाडीच्या भाषेत बोलायचे तर खड्डे बुजवलेले नसतात, तरी स्वार स्थिर असतो.

पहिल्या अटीचा निकाल मात्र इतक्यावर लागत नाही. त्यासाठी एक खरी वाट डोळ्यांसमोर ठेवणे बरे. उत्तर अमेरिकेत ‘ग्रेट डिव्हाइड माउंटन बाइक रूट’ नावाचा सायकलमार्ग आहे. मिझूला येथेच मुख्यालय असलेल्या ॲडव्हेंचर सायकलिंग असोसिएशनने तो 1990च्या दशकात आखला. कॅनडाच्या रॉकी पर्वतातून निघून तो न्यू मेक्सिकोत मेक्सिकोच्या सीमेवरील अँटिलोप वेल्सपर्यंत उतरतो, आणि त्याची लांबी 4,000 किलोमीटरहून अधिक आहे. कोलोरॅडोतील इंडियाना खिंडीत तो समुद्रसपाटीपासून सुमारे 3,600 मीटर उंचीवर जातो. या मार्गाचा बहुतेक भाग अवघड पायवाटांचा नसून वनखात्याच्या आणि परगण्यांच्या कच्च्या, खडीच्या रस्त्यांचा आहे, आणि या रस्त्यांवरची खरी पीडा मोठे दगड ही नसून पन्हळ ही आहे. पन्हळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा रस्त्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत उठलेल्या असतात, दोन लाटांमध्ये हातभर किंवा त्याहून थोडे अधिक अंतर असते, आणि त्यांवरून जाताना हँडल तासन् तास थरथरत राहते.

या पन्हळी कशा उठतात, यावर निकोला ताबर्ले, स्टीफन मॉरिस आणि जिम मॅकेलवेन यांनी वाळूवर फिरणाऱ्या चाकाचे प्रयोग करून 2007 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सपाट केलेल्या वाळूवरून चाक पुनःपुन्हा फिरवले की, एका ठरावीक वेगाच्या वर लाटा आपोआप उठतात, त्या वेगाच्या खाली उठत नाहीत. आणि लाटा उठण्यासाठी चाकाला स्प्रिंग असण्याची गरज नसते. याचा अर्थ असा की प्रवाशाला जो रस्ता पीडा देतो, तो निसर्गाने तसा केलेला नाही. आधी गेलेल्या चाकांनी, त्यांच्या वेगाने, तो तसा केला आहे, आणि आज जाणारा प्रवासीही आपला वाटा त्यात घालून जातो. कर्मविचारातील सामुदायिक फळाचे इतके उघडे उदाहरण क्वचित मिळते. येथे सस्पेन्शनविषयी एक गंभीर शंका उभी राहते. हादरे कमी झाले की मनुष्य वेग वाढवतो. वेग वाढला की हादरे पुन्हा पूर्वीइतके होतात. साधन आले, दुःख तेवढेच राहिले, फक्त मुक्काम लवकर आला. ज्याला लवकर पोहोचायचे आहे त्याला हा सौदा मान्य असेल, परंतु त्याने त्याला आराम म्हणू नये.

उलट बाजूही तितकीच गंभीर आहे, आणि ती शरीराची आहे. मनगटाच्या तळाशी, करंगळीच्या बाजूला, दोन लहान हाडांच्या मधून अल्नर नावाची नस तळहातात शिरते. त्या अरुंद वाटेला वैद्यकात गियोनची नलिका म्हणतात. हँडलवर टेकलेला तळहात नेमका तेथे दाबला जातो. दिवसभराच्या थरथरीने प्रथम करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडील बाजू यांना मुंग्या येतात, मग त्या बधिर होतात, आणि दुखणे वाढले तर बोटे फाकवणे, पिशवीची झिप ओढणे, तंबूची दोरी बांधणे, सदऱ्याचे बटण लावणे जमेनासे होते. हे बधिरपण प्रवास संपल्यावर आठवडे, कधी महिने टिकते. पन्हळीवरून गेलेल्या हाताची ही अवस्था ज्याने पाहिली, तो सोसण्याचे गुणगान सरसकट करणार नाही. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात मूढ आग्रहाने स्वतःला पीडा देऊन केलेल्या तपाला तामस म्हटले आहे, आणि त्याच अध्यायात दंभाने केलेल्या घोर तपाचाही निषेध आहे. ताठ चिमट्यावर आपण अमुक इतके किलोमीटर गेलो, हे सांगण्यात ज्याला रस वाटतो, त्याने ते श्लोक एकदा स्वतःला लावून पाहावेत.

या प्रश्नावर सर्वांत नेमका निवाडा भारतीय वाङ्मयात कोठे आहे, असे विचारले तर तो बौद्ध विनयातील ‘महावग्गा’च्या चर्मखंधकात, म्हणजे चामड्याविषयीच्या प्रकरणात, आहे, असे ठामपणे म्हणता येते. सोण कोळिविस हा चंपा नगरीतील धनवंताचा मुलगा इतका सुकुमार होता की त्याच्या तळपायांवर लव होती, अशी कथा आहे. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळील सीतवनात तो इतक्या आग्रहाने चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करू लागला की तळपाय फुटून चालण्याची पट्टी रक्ताने माखली. बुद्धांनी त्याला वीणेच्या तारांची उपमा देऊन समतोल शिकवला. हा भाग सर्वांना ठाऊक आहे. त्यापुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. सोणाला अर्हत्त्व मिळाल्यावर बुद्धांनी त्याला एकपदरी वहाणा घालण्याची परवानगी दिली. एवढे धन सोडून आलेला सोण वहाणांना चिकटला, असे लोक म्हणतील, म्हणून त्याने ती एकट्यासाठी नाकारली. संघाला परवानगी मिळाली तर आपणही घालू, असे तो म्हणाला. तेव्हा बुद्धांनी सर्व संघाला एकपदरी वहाणांची अनुज्ञा दिली आणि दोन, तीन किंवा अधिक पदरांच्या वहाणा निषिद्ध ठरवल्या.

त्याच खंधकात पुढे दुसरा सोण येतो, सोण कुटिकण्ण, अवंतीचा. त्याचे गुरू महाकच्चान यांनी त्याच्याकरवी बुद्धांना निरोप पाठवला की अवंती-दक्षिणापथात जमीन वरून काळी, कठीण आणि गुरांच्या खुरांनी तुडवलेली आहे, तेव्हा तेथे अनेकपदरी वहाणांची मोकळीक मिळावी. ज्याने काळ्या मातीच्या रानात पावसाळ्यानंतर वाळून दगड झालेले खुरांचे खळगे पायाखाली अनुभवले आहेत, त्या मराठी वाचकाला हे वर्णन समजावून सांगावे लागत नाही. बुद्धांनी सीमावर्ती प्रदेशांसाठी ती मोकळीक दिली. या दोन प्रसंगांतून जे सूत्र हाती येते ते असे की, त्यागाचे मोजमाप पदरांच्या संख्येत होत असले, तरी ती संख्या जमीन ठरवते. गंगेकाठच्या मऊ पोयट्यावर एक पदर पुरे, खुरांनी फाटलेल्या काळ्या मातीवर अनेक. उपाय न योजणे हा निरपवाद नियम नाही. भूमीने मागितले त्याहून अधिक उपाय न योजणे हा नियम आहे.

पदर किती, हे ठरवण्याची कसोटी जैन विचारात आणखी स्पष्ट मिळते. ‘तत्त्वार्थसूत्रा’त भूक, तहान, थंडी, डास इत्यादी 22 परीषह, म्हणजे साधूने सोसायच्या बाधा, सांगितल्या आहेत, त्यांत चर्या, म्हणजे प्रवासाची बाधा, ही एक आहे. हे परीषह का सोसावेत याची दोन कारणे तेथे येतात: कर्माची निर्जरा, म्हणजे झड, व्हावी, आणि मार्गापासून ढळू नये. यातील दुसरे कारण येथे निर्णायक आहे. सोसणे हे मार्गावर राहण्यासाठी आहे. जे सोसणे मार्गावरून खाली उतरवते त्याचे प्रयोजनच सुटते, आणि जे साधन मार्गावरून खाली उतरवते त्याचेही.

या कसोटीवर सस्पेन्शनचा चिमटा घासून पाहिला पाहिजे. त्याच्या वरच्या नळीभोवती रबराचे ऑइल सील असते. दिवसाच्या शेवटी तेथे धूळ आणि तेल मिळून काळे कडे साचते, आणि ते पुसले नाही तर तीच धूळ नळीचा गुळगुळीत मुलामा खरवडते. बऱ्याच चिमट्यांच्या खालच्या नळ्या दर 50 तासांनी उघडून साफ करून नवे तेल घालावे, अशी निर्मात्यांची शिफारस असते. ग्रेट डिव्हाइडवर रोज सात तास आणि सुमारे 45 दिवस धरले तर 300हून अधिक तास होतात, म्हणजे शिफारस काटेकोर पाळायची तर सहा वेळा, आणि तीही वायोमिंगच्या पाणी नसलेल्या पठारावर किंवा न्यू मेक्सिकोच्या चिखलात. हवेचा दाब सामानाच्या वजनाप्रमाणे ठेवावा लागतो, त्यासाठी खास पंप लागतो. स्वार बसल्यावर चिमटा आपोआप जितका दबतो, त्याला सॅग म्हणतात, आणि तो ट्रॅव्हलच्या साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतका राहावा लागतो. सामान चिमट्याच्या खालच्या नळीला बांधले तर ते चाकाबरोबर उसळते आणि स्प्रिंगचे काम बिघडवते. उलट ताठ चिमट्यावर दोन्ही बाजूंना तीन-तीन भोकांच्या पट्टीवर पाण्याची बाटली किंवा तंबू निमूट बसतो, चिमट्याचे वजन किलोभर वाचते आणि बिघडायला काही नसते. अपरिग्रह म्हणजे वस्तू कमी असणे एवढेच नव्हे. ज्या वस्तूच्या चिंतेने मन अडकते ती नसणेही त्यात येते, आणि चिंता हा शब्द तितिक्षेच्या व्याख्येतच आहे.

मग आघात कोणी घ्यावा? तो कोणीतरी घेतोच. टायरातील हवा, चिमटा, सांगाडा, हँडलची पट्टी, तळहात, मनगट, कोपर, अशी ती साखळी आहे, आणि एकाने नाकारलेला वाटा पुढच्याच्या अंगावर जातो. डनलॉप यांनी 1880च्या दशकात बेलफास्ट येथे सायकलींसाठी हवेचा टायर घडवला तेव्हाच या साखळीतला सर्वांत पहिला आणि सर्वांत साधा दुवा तयार झाला. सायकलविषयक लेखक यान हाइने यांनी खडबडीत पट्ट्यांवर चाचण्या घेऊन दाखवले आहे की थरथरीत स्वाराच्या शरीरात ऊर्जा वाया जाते आणि रुंद, मऊ टायर ती वाचवतो. जमिनीला सर्वांत जवळचा जो, त्याने प्रथम झेलावे, हा क्रम योग्य आहे. म्हणून प्रथम 55 ते 60 मिलीमीटर रुंदीचा टायर आणि त्यात सोसवेल तितकी कमी हवा. मग हँडलची उंची आणि हात ठेवण्याच्या दोन-तीन निरनिराळ्या जागा. आणि चिमट्याचा विचार त्यानंतर.

या क्रमाने पाहता ग्रेट डिव्हाइडसारख्या खडीच्या दीर्घ मार्गासाठी निरोगी हाताच्या, घाई नसलेल्या प्रवाशाला ताठ चिमटा पुरेसा आहे, किंबहुना तोच उचित आहे. कोलोरॅडो ट्रेलसारख्या, दगड आणि मुळे यांनी भरलेल्या अरुंद पायवाटांवर सामानासह जायचे असेल तर तेथे जमीन अनेक पदर मागते. तेथे ताठ चिमट्याचा हट्ट चाक घसरवून मनुष्याला मार्गावरून अक्षरशः खाली पाडतो, आणि 100 ते 120 मिलीमीटरचा चिमटा हे तेथे कर्तव्य समजावे. ज्यांच्या मनगटाला जुनी इजा आहे, ज्यांचे वय झाले आहे, त्यांना खडीच्या रस्त्यावरही तो घेताना संकोच वाटण्याचे कारण नाही. सोणाला परवानगी त्याच्या कोवळ्या पायांमुळेच मिळाली होती. सांगाडा ज्या लांबीच्या चिमट्यासाठी बनवला आहे तीच लांबी दोन्ही प्रकारांत ठेवावी, नाहीतर वळण्याचा स्वभाव बदलतो.

तेव्हा निघण्याच्या महिनाभर आधी सायकलवर पाण्यासकट सगळे सामान बांधावे, टायरात ठरवलेली हवा भरावी आणि जवळ सापडेल त्या सर्वांत वाईट रस्त्यावर सलग दोन दिवस चालवावी. तिसऱ्या दिवशी सकाळी उठल्याबरोबर करंगळीचे टोक अंगठ्याने चोळून पाहावे. तेथे मुंग्या असतील आणि हवा व हँडल बदलूनही त्या जात नसतील, तर सस्पेन्शनचा चिमटा बसवून घ्यावा. नसतील तर आहे त्या ताठ चिमट्यावर निघावे.